मेटल डिटेक्टर वाजतो तिथे खणलं तरी वस्तू बाजूला निघते. नेमकी जागा कशी काढायची? कॉइल बदलावी का?

कॉइल, म्हणजे मशीनच्या टोकाची जमिनीवरून फिरवायची चकती, बदलू नका. तुम्ही लिहिलंय की अकरा इंची डीडी कॉइल आहे, पिनपॉइंटचं, म्हणजे नेमकी जागा दाखवणारं, बटण दाबून जागा काढता, खणता आणि वस्तू तीन-चार इंच पुढे नाहीतर मागे निघते. डावी-उजवीकडे चूक होत नाही, पुढे-मागेच होते. ही मशीनची खोट नाही. डीडी कॉइल अशीच चालते.

डीडीत दोन वेटोळी मधोमध एकमेकांवर चढलेली असतात. जिथे ती चढतात ती नाकापासून, म्हणजे कॉइलच्या पुढच्या टोकापासून, शेपटीपर्यंतची पट्टी सर्वांत तिखट. जमिनीत तिचा प्रभाव विळ्याच्या पात्यासारखा उतरतो, रुंदीला जेमतेम आणि लांबीला जवळजवळ कॉइलएवढा. त्यामुळे आडवं फिरवताना डावं-उजवं अचूक कळतं, पण त्या पट्टीच्या लांबीत वस्तू कुठे आहे हे एकाच दिशेने फिरवून कधीच कळणार नाही. जिथे आवाज सर्वांत भरतो त्या रेषेवर एक काडी ठेवा. मग तुम्ही स्वतः नव्वद अंश वळून बाजूने उभे राहा आणि पुन्हा आडवं फिरवा. नुसतं मनगट वळवून भागत नाही, पट्टी खरोखर वळली पाहिजे. दुसरी काडी पहिलीला छेदते तिथे वस्तू. फेरा सुरुवातीला दीड-दोन फुटांचा ठेवा, मग आखडत चार-सहा इंचांवर आणा. कॉइल जमिनीला समांतरच राहिली पाहिजे. फेऱ्याच्या टोकाला हात वर उचलला की आवाजाचा मध्य सरकतो.

दुसरी रीत नाकाची. वस्तूवर कॉइल ठेवून दोन-तीन इंच डावी-उजवी हलवत सावकाश आपल्याकडे ओढत या. आवाज तुटला त्या क्षणी वस्तू कॉइलच्या पुढच्या कडेला लागून असते. वरच्यावर असलेल्या नाण्या-अंगठीसाठी मला ही रीत बटणापेक्षा भरवशाची वाटते.

‘बटण दाबा आणि खणा’ हे तुमच्या प्रश्नाखाली एकाने लिहिलंय. तेच आमच्या साडूंचं ठाम मत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इंदूरला लोकमान्यनगरात सासूबाईंच्या परसात त्यांची अंगठी पडली. मे महिना, काळी माती, दोन बोटं जातील एवढ्या भेगा. साडूंनी मशीन चालू केलं, बटण धरलं, सर्वांत मोठा आवाज आला तिथे मजुराकडून गेंतीने, म्हणजे टिकावाने, दोन फूट खड्डा करून घेतला. निघाला सळईचा तुकडा आणि जुन्या मांडवाचे खिळे. मशीन फालतू आहे आणि अंगठी कुणीतरी उचलली, असा निकाल तिथेच लागला.

अंगठी त्या खड्ड्याच्या भिंतीत होती, वरून चार इंचांवर, भेगेत उभी अडकलेली. साडू आजही म्हणतात की खड्डा केला म्हणून मिळाली. तसं नाही, आणि का नाही ते मातीतच आहे.

माळव्याची काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली आहे आणि बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. म्हणजे माती स्वतःच मशीनशी बोलते. नेहमीच्या मोडमध्ये कॉइल सतत हलत असल्यामुळे मशीन जमिनीचा सावकाश बदलणारा आवाज गाळू शकतं. पिनपॉइंट मोडमध्ये कॉइल थांबवली तरी आवाज चालू राहतो, म्हणून ही गाळणी तिथे नसते. साडूंनी बटण कॉइल हवेत असताना दाबलं आणि मग ती जमिनीवर टेकवली. अशाने सगळी जमीनच वाजते आणि जिथे गिट्टी जास्त तिथे जास्त वाजते. बटण दाबायचं ते वस्तूपासून फूटभर बाजूला, स्वच्छ जमिनीवर, कॉइल इंचभर उंचीवर धरून. मग तीच उंची राखत आत सरकायचं. थेट वस्तूच्या डोक्यावर दाबलंत तर मशीन त्या वस्तूलाच शून्य धरतं आणि गप्प बसतं.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीन मातीशी जुळवून घेणं, आधी करायचा, तोही जिथे धातू नाही अशी जागा बघून. कॉइल इंचापासून फूटभरापर्यंत वर-खाली करत राहा, आवाज चढतही नाही आणि उतरतही नाही असं होईपर्यंत. पहिल्या पावसानंतर माती ओली झाली की पुन्हा करा, कारण ओल आली की आकडा बदलतो. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर ठेवण्याचा मोह आवरा. वरून विजेची तार, भिंतीत इन्व्हर्टर आणि खिशात मोबाइल असताना मशीन विनाकारण किरकिर करतं आणि त्या किरकिरीत बारीक आवाज हरवतो.

पुढचा मुद्दा सर्वांत मोठ्या आवाजाचा. सोन्याची बारीक अंगठी कधीच मोठ्याने वाजत नाही. मशीनच्या पडद्यावर ती खालच्या आकड्यांत, चॉकलेटच्या चांदीच्या कागदाच्या आसपास येते. कचरा टाळायला डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायची सोय, चढवलं की अंगठीही त्यातच गाळली जाते. म्हणून शोधताना सगळ्या धातूंचा मोड ठेवा आणि कान वापरा. खिळा ओळखता येतो: त्याच्या लांबीच्या दिशेने फिरवलं की दोन आवाज, आडवं फिरवलं की एक. गंजलेल्या लोखंडाचा मध्य तर तुम्ही वळलात की जागा सोडतो. पहिल्या फेरीत सोन्यासारखं वाजणारं काही वळल्यावर सहा इंच सरकलं किंवा किरकिरायला लागलं, तर ते बहुधा लोखंडच.

उभी अंगठी मात्र याहून अवघड. मशीनचं चुंबकीय क्षेत्र कॉइलच्या मधोमध सरळ खाली उतरतं. सपाट पडलेल्या अंगठीतून ते आरपार जातं, तिच्यात प्रवाह फिरतो आणि आवाज भरून येतो. उभी अंगठी त्या क्षेत्राला कडच दाखवते. मध्यावर आवाज पडतो आणि दोन्ही बाजूंना थोडा थोडा येतो. असे दोन अशक्त आवाज आले की माणूस एका आवाजावर खणतो आणि काही मिळत नाही. खणायचं दोन्हींच्या मधल्या गप्प जागेवर. भेगाळलेल्या जमिनीत वस्तू उभी पडण्याची शक्यता धरूनच चालायचं. लोकमान्यनगरला सहा इंची कॉइल लावून दोन दिशांनी फिरवल्यावर हेच दोन आवाज आले आणि त्यांचा मध्य खड्ड्याच्या काठावर पडला. गेंतीचा आणखी एक घाव तिथे बसला असता तर अंगठी चेपलीच असती.

बटणाचा खरा उपयोग आवाजाचं वर्तुळ लहान करण्यासाठी. बाजूला दाबून आत आलात, आवाज वाढायला लागला की बटण सोडा आणि तिथेच लगेच पुन्हा दाबा. आता मशीनने कडेचा आवाज शून्य धरलाय, म्हणून फक्त त्याहून जोराचा मधला भाग वाजेल. असं एकदा-दोनदा केलं की हातभर पसरलेला आवाज मुठीएवढा होतो. फार वेळा केलंत तर वस्तूच पुसली जाते.

कॉइलचा स्वतःचा मध्य कुठे आहे हेही घरी तपासून ठेवा, तो दर वेळी छापलेल्या चिन्हाखाली असेलच असं नाही. कॉइल लाकडी स्टुलावर उलटी ठेवून बटण धरा आणि वरून नाणं फिरवा. नाणं एक-दोन रुपयांचं नको, ती स्टीलची असतात आणि चुंबकाला चिकटतात. पिवळं पाच रुपयांचं घ्या किंवा सरळ घरातली अंगठी. आवाज सर्वांत जोराचा येतो तिथे कॉइलच्या वरच्या बाजूला रंगाचा ठिपका द्या.

वस्तू किती खोल आहे याचा जो आकडा मशीन दाखवतं त्यावर फार विसंबू नका, तो नाण्याएवढी वस्तू धरून बसवलेला असतो. कॉइल वर उचलून बघा. फूटभर वर गेल्यावरही आवाज टिकला तर खाली चेंबरचं झाकण किंवा पत्रा आहे. अशा मोठ्या वस्तूचा मध्य शोधत बसू नका, चारी बाजूंनी आवाज कुठे सुरू होतो तिथे खुणा करा म्हणजे आकारच दिसेल.

खणताना सहा इंचांचा चौकोन तीन बाजूंनी कापा आणि चौथ्या बाजूवर उलटा. निघालेली माती गोणपाटावर टाका आणि कॉइल दोन्हींवरून फिरवा. खड्डा गप्प झाला तर वस्तू मातीत आहे, उगाच खोल जाऊ नका. हातातला पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात घालायचा छोटा डिटेक्टर, असेल तर आपल्या काळ्या मातीत त्याचं टोक मातीला टेकवूनच चालू करा, म्हणजे तो मातीला वाजत नाही. अंगठी त्याला इंच-दोन इंचांवरूनच कळते, म्हणून खड्ड्याच्या भिंतीही त्याने घासून बघा. मोठं मशीन तेव्हा बंद ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांना वाजवतात.

पैसे घालवायचेच असतील तर आहे ती कॉइल ठेवून जोडीला सहा इंची डीडी घ्या. खिळ्यांनी भरलेल्या परसात मोठी कॉइल एका वेळी चार वस्तू बघते आणि चौघींचा मिळून एक खोटा मध्य दाखवते. कॉन्सेंट्रिक, म्हणजे एकात एक गोल वेटोळ्यांची, कॉइल जागा सोपी दाखवते हे खरं, पण काळ्या मातीत ती लवकर आंधळी होते.

हे सगळं आपल्या जागेत आपली वस्तू शोधण्यापुरतं. खाली विजेची केबल असू शकते, तिथे गेंती किंवा सब्बल, म्हणजे पहार, वापरू नका. मशीन घेऊन मांडूला जायचा विचार असेल तर सोडून द्या. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने संरक्षित जागेत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. इतरत्रही जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावं लागतं.

आणि हरवलेली वस्तू बारीक साखळी असेल तर यातलं निम्मंच लागू पडतं. मशीनला अख्खी साखळी दिसत नाही, एकेक कडी दिसते, आणि कडी इतकी लहान की आवाज जेमतेमच येतो. मंगळसूत्र असेल तर वाट्यांचा आवाज धरा, बाकीचं त्यांच्या आसपास हाताने चाळून मिळतं.