‘विरोध’ या विषयावर फोटो-मालिका करायची आहे, इतर छायाचित्रकारांकडून प्रेरणा कशी घ्यावी?

आधी विरोध कशाचा ते ठरवा: उजेड-सावलीचा, रंगांचा की आशयाचा. कोणाला पाहायचं ते त्यावरून ठरतं. रंगांसाठी रघुबीर सिंह, एकाच चौकटीतल्या गर्दी-एकांतासाठी रघु राय. उजेड-सावलीसाठी हाँगकाँगचे फॅन हो. मात्र त्यांच्या १९५४च्या ‘अप्रोचिंग शॅडो’तली तिरपी सावली डार्करूममध्ये, म्हणजे फोटो छापताना, घातलेली आहे, तशीच भिंत शोधत हिंडू नका.

एका वेळी एकाचेच ८-१० फोटो घ्या. डोळे किलकिले करून पाहा: उजेड कुठून येतो, काळा भाग किती, नजर आधी कुठे जाते? वहीत लिहा. त्यांच्या फोटोतली जागा नव्हे, ही मांडणी उचलायची.

मग आपल्या रानात या. काळ्या मातीवर फुटलेला कापूस यासाठी फारच उत्तम विषय आहे. फ्रेममध्ये माती जास्त असली की कॅमेरा ती उजळवतो आणि बोंडं नुसती पांढरी फटक होतात, धागा दिसत नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची कॅमेऱ्यातली सोय) -१ करून बघा. हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) उजव्या कडेला आदळत असेल तर आणखी कमी करा. उजेड-सावलीसाठी वेरूळला जाणार असाल तर तिथली लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तिथे दुपारनंतरच जा.