दारू नाही, खर्रा नाही, तरी तक्रार आहे

नवरा कमावता आहे, निर्व्यसनी आहे, लेकरांवर हात उगारत नाही. पण घरी असून घरात नसतो. एवढीच तक्रार घेऊन माझ्याकडे मुद्दाम कोणी येत नाही. आमच्या यवतमाळकडच्या भागात समुपदेशकाच्या खोलीत पाय ठेवायचा, तर घरात दारू तरी असावी लागते नाहीतर कर्ज. बाकीच्या दुःखांचा नंबर लागत नाही. म्हणून या बाया दुसऱ्या कामाच्या निमित्तानं येतात आणि निघता निघता दारात उभ्या राहून बोलतात.

या ताई सासूबाईंची शुगर तपासायला तालुक्याच्या दवाखान्यात आल्या होत्या. (नाव कुणाचंच देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.) सासूबाई औषधाच्या खिडकीशी रांगेत, आणि ह्या माझ्या दारात. म्हणाल्या, "मॅडम, हे दारू पेत नाही, खर्रा खात नाही, पत्त्यात बसत नाही. मंग मी कोणाले सांगू, का मले तकलीफ आहे म्हणून? बायाच मले म्हणतीन, तुले सुख बोचते."

नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. गावात सगळे 'सर' म्हणतात, मीही तेच म्हणते. सकाळी वडिलांसोबत शेतात चक्कर, मग शाळा, शाळेतून आल्यावर शाळेचीच ऑनलाइन माहिती भरणं. कपाशी, तूर, थोडा हरभरा. रब्बीत शेतीची थ्री-फेज लाइन ज्या दिवसांत रात्रीची असते, तेव्हा रात्री ओलिताला जाणं. पीक विम्याचे फॉर्म, सातबारा, पीएम किसानची केवायसी अडली की अर्धं गाव यांच्याच ओसरीवर. आणि या सगळ्यातून उरलेला वेळ एका टेबलाला. नागपूरला सीताबर्डीतून आणलेला जुना डेस्कटॉप, त्यावर विंडोजऐवजी उबंटू ही फुकटची लिनक्स प्रणाली टाकलेली, बाजूला सोल्डरिंगची कांडी, रिले म्हणजे आपोआप चालू-बंद होणारी विजेची बटणं, वायरींचा गुंता. जेवायला हाक मारली की उत्तर ठरलेलं: "पाचच मिनिटं." ताईंचं म्हणणं, त्या पाच मिनिटांत त्यांचं भांडं घासून होतं.

त्या दिवसांत सरांचा प्रयोग होता गच्चीवरच्या टाकीचा. टाकी भरली की मोटार आपोआप बंद व्हावी आणि मोबाइलवर मेसेज यावा. झाकणाखाली सेन्सर लावायचा, तो आवाजाची लहर पाण्यावर सोडणार, ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते कळणार. हिशेब सोपा आहे, पण झाकणाखाली वाफ धरते, सेन्सरवर थेंब साचतात आणि रिकामी टाकी भरलेली दिसते. मग पाण्याला न भिणारा सेन्सर मागवला, तर तो वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आतलं अंतर नीट मोजत नाही. म्हणजे टाकी काठोकाठ यायच्या वेळीच तो गोंधळतो. हे सगळं सर मला पुढे एकदा इतकं रंगून सांगत होते की शेजारी बसलेल्या ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बॉल बसवला असता तं कवाचंच झालं असतं," त्या म्हणाल्या. "बॉलनं पाणी थांबते, मोटार थांबत नाई," सर म्हणाले. दोघांचंही बरोबर होतं.

त्यांना एकत्र बोलावण्याआधी मी ताईंना एकच विचारलं होतं: सरांनी टेबलावरून उठून करायला हवं होतं, असं कोणतं काम सगळ्यात जास्त दिवस पडून आहे? क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, न्हाणीची कडी.

अंगणातल्या न्हाणीच्या दाराची कडी दिवाळीपासून निखळलेली. खिळ्याला सुतळी गुंडाळून दार आतून ओढून धरायचं, असं चाललेलं. सुतळी भिजते, सैल होते, दार बोटभर उघडं राहतं. थोरली मुलगी नववीत. ती आता पहाटे, घरातले पुरुष उठायच्या आत आंघोळ उरकते. आजी बाहेर बादली पालथी घालून तिच्यावर बसते. पाळीच्या दिवसांत शाळेतून आली की संध्याकाळ होऊन अंधार पडेपर्यंत न्हाणीत जात नाही.

"हे सरांना माहीत आहे?"

"कडीचं मी शंभर वेळा म्हटलं."

"मुलीचं?"

"मुलीचं कसं म्हणू, मॅडम?"

नवरा-बायकोच्या अशा भांडणांत मला वारंवार हेच सापडतं. वस्तूचं नाव शंभरदा घेतलेलं असतं. त्या वस्तूवाचून कोणाचं काय होतं, ते एकदाही बोललेलं नसतं. पुढच्या भेटीत, सर समोर असताना, मी ताईंना ते वाक्य पूर्ण करायला लावलं. सर खाली बघत राहिले. "मले वाटलं, कडीच आहे," एवढंच म्हणाले. चार खिळ्यांचं काम. त्याच संध्याकाळी झालं. समुपदेशनाचं यश म्हणून मी हे सांगत नाही, लोहाराकडून नवी कडी आणायला समुपदेशक लागत नाही. पण त्यानंतरची बोलणी वेगळ्या सुरात झाली.

आता ताईंचा मुख्य प्रश्न, जो मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं: हे व्यसन आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. प्रोग्रॅमिंगचा, लिनक्सचा किंवा वायरी जोडण्याचा नाही. गेमिंगसाठीसुद्धा नुसते तास मोजत नाहीत. स्वतःवरचा ताबा सुटला आहे का, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडून तेवढंच पुढे आलं आहे का, नुकसान दिसत असूनही ते चालूच आहे का, आणि हे साधारण 12 महिने चाललं आहे का, असं बघतात. सरांना मी याच अंगानं विचारलं. लाइन गेली तर? "तं जाते, बाहेर बाजेवर बसतो." पेरणीच्या दिवसांत? टेबलावर धूळ. पैसे? जुनं सामान, महिन्याचा खर्च ताईंना माहीत. झोप मात्र कमी, बारा-साडेबाराला पडायचं आणि साडेपाचला उठायचं. व्यसन नाही, पण झोपेचं मी बजावून सांगितलं. रात्री ओलिताला जाणाऱ्या माणसाची झोप आधीच तुटलेली असते.

मग ते टेबल इतकं का ओढतं? सरांनी दिलेलं उत्तर मी अजून वापरते. म्हणाले, "मॅडम, शाळेत जी माहिती आज भरतो, ती परवा दुसऱ्या नमुन्यात मागतात. वावरात मी सगळं बरोबर केलं तरी बोंडअळी येते, पाऊस दडी मारते, भाव पडते. इथं प्रोग्राम चुकला तं कोणत्या ओळीत चुकला ते सांगते. सुधरवला का चालते." ताई पहिल्यांदाच हे ऐकत होत्या. त्यांना वाटायचं, आपल्याला टाळायला हा माणूस तिथे बसतो.

अशा माणसाचा कॉम्प्युटर विकायला लावणं किंवा तो वेळ 'घरासाठी' म्हणून काढून घेणं मला पटत नाही. माझ्या पेशातही हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यानं माणूस टेबलावरून उठतो खरा, पण ओट्यावर मोबाइल घेऊन बसतो.

आम्ही केलं ते असं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ टेबलाला, कॅलेंडरवर लिहून. तेवढ्या वेळात ताई हाक मारणार नाहीत. त्यांना हे जड गेलं आणि मला त्यात नवल वाटलं नाही. इतकी वर्षं हाक हेच त्यांच्या हातातलं एक साधन होतं. बदल्यात 'पाच मिनिटं' हा शब्द घरातून बाद. सर घड्याळातली वेळ सांगणार, "आठ चाळीसला उठतो", आणि उठणार. घरातलं आठवड्याला एकच काम, एका बैठकीत संपणारं, आणि ते निवडणार ज्याला त्याची अडचण होते तो. सरांना हे खटकलं. त्यांच्या मनात सुरुवात कूलरपासून करायची होती, खसच्या ताट्या, नवा पंप आणि पुन्हा एखादा सेन्सर. सासूबाईंनी निवडलं देवघरातल्या दिव्याचं बटण.

उठल्यावरही डोकं टेबलावरच राहतं, ही दुसरी अडचण. माणूस ताटावर बसतो, वरण-भात कालवतो, आणि लेक काय सांगते ते ऐकतच नाही. सोफी लेरॉय या संशोधिकेनं 2009 मध्ये यावर लिहिलं आहे: एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलो की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. पुढे त्यांच्याच अभ्यासात यावर एक साधा उपायही दिसला. उठण्याआधी एक-दोन ओळींत लिहून ठेवायचं, कुठे थांबलो आणि परत आल्यावर आधी काय करायचं. सरांनी शाळेची पाठकोरी वही त्यासाठी धरली. मी पाहिलेली एक नोंद: "रिले उलटा चालू आहे. आधी पिन बघणे." यानं ताटावरची सगळी गैरहजेरी गेली नाही. पण ताई म्हणाल्या, आता निदान मीठ कमी असलं तर कळते त्यांना.

धाकटा तिसरीत. 'मुलाला सोबत बसवा' हा सल्ला सगळेच देतात, आणि सरांनी तो न सांगताच पाळला होता. पोरगं शेजारी स्टुलावर बसायचं आणि बाप काम करायचा. त्यानं माउसला हात लावला की "थांब, थांब, मी दाखवतो." थोड्या वेळानं पोरगं गोट्या खेळायला पळायचं आणि सर म्हणायचे, याला आवड नाही. मी एवढंच सुचवलं की कीबोर्ड त्याच्यासमोर ठेवा, आणि तुमचे हात मांडीवर. चुकू द्या. प्रोग्राम सांगेलच की कुठे चुकलं. थोरलीला मात्र कॉम्प्युटरमध्ये काडीचा रस नाही, आणि तिला त्यात ओढू नका हेही सांगितलं. तिला आठवडी बाजाराला बापाच्या गाडीवर मागे बसून जायचं असतं. वाटेत ती बोलते. समोर तोंड करून बसवलं तर या वयाची पोरं बोलत नाहीत.

सगळं सुरळीत झालं म्हणता येणार नाही. सोयाबीनवाल्या शेजाऱ्याच्या मळणीत दोन संध्याकाळी गेल्या, पीक विम्याच्या दिवसांत रविवारही गेला, आणि कॅलेंडरवरची कामं तशीच पडून राहिली. गावातल्या लोकांना 'आज नाही' म्हणणं सरांना अजून जमत नाही. ओसरीवर लोक बसले की माणसाची किंमत वाढते, हे मी नाकारत नाही. तेव्हा ताईंनीच तोडगा काढला: फॉर्मवाल्यांनी सातच्या आत यावं, नंतर ओसरीचा लाइट बंद.

ज्या घरात हेच चित्र असेल, त्यांनी काही खुणांकडे मात्र वेगळं लक्ष द्यावं. खेळ पैशांचा असेल. मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज काढलं जात असेल. आवडीचं टेबलसुद्धा नको वाटू लागलं असेल. माणूस रात्र रात्र जागा, चिडचिडा किंवा एकदम गप्प झाला असेल, जगण्यावरचं मन उडाल्यासारखं बोलत असेल. तिथे कडी-कॅलेंडरवर वेळ घालवू नये. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येतं. गावात कोणी पाहील याची धास्ती असेल तर शेताच्या बांधावरून फोन लावला तरी चालतो.