स्कॅनरला मनातलं कळतं का?

प्रश्न: ब्रेन स्कॅन आणि एआय मिळून माणसाच्या मनातलं वाचतात असं हल्ली सारखं कानावर येतं. मागे डोकेदुखीसाठी माझा एमआरआय झाला होता, त्या नळकांड्यात पडल्या पडल्या मी काय काय विचार केला ते कुणाला कळलं असेल का? हसू नका, खरंच विचारतेय.

उत्तर: अजिबात हसत नाही, पण निर्धास्त राहा. तुमचा झाला तो साधा एमआरआय, म्हणजे मेंदूचा नुसता फोटो. विचारांचा माग काढायला फंक्शनल एमआरआय लागतो, आणि खरं सांगायचं तर त्यालाही विचार दिसत नाहीत, रक्त दिसतं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त धावतं, आणि ऑक्सिजन असलेलं न् नसलेलं रक्त चुंबकात वेगवेगळं वागतं, हे सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९९० मध्ये दाखवलं, सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. आता गोची अशी की पेशी मिलिसेकंदात आपलं काम उरकतात आणि रक्ताची लाट वर चढायला पाच-सहा सेकंद घेते, तेवढ्यात बोलणाऱ्याचं अख्खं वाक्य होऊन जातं. शिवाय चित्रातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या एकेका ठिपक्यात लाखो पेशी कोंबलेल्या.

मग वाचतात ते काय? तर अंदाज बांधतात. टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, जेरी टँग आणि अलेक्झांडर ह्यूथ यांनी २०२३ मध्ये जे केलं ते बघा. एकेका माणसाला स्कॅनरमध्ये १६ तास गोष्टी ऐकवल्या, कुठल्या अर्थाला मेंदूत कुठली नक्षी उमटते ते प्रोग्रॅमला शिकवलं, मग नवीन गोष्ट लावली आणि कॉम्प्युटर एकामागून एक वाक्यं सुचवत बसला, की हे ऐकलं असतं तर अशी नक्षी उमटली असती, जुळतेय का? गोष्टीत कुणीतरी म्हणालं ‘माझ्याकडे अजून लायसन्स नाही’ आणि मशीनने काढलं ‘तिने अजून गाडी शिकायलाही सुरुवात केलेली नाही’. शब्द गेले, मतलब बराचसा राहिला! पण एकाच्या मेंदूवर शिकलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेना, आणि माणूस मनातल्या मनात प्राण्यांची नावं घेत बसला की सगळं कोलमडलं. म्हणजे तुमच्या मर्जीशिवाय काही होत नाही, निदान आत्ता तरी.

आणि रंगीत ठिपके दिसले की लगेच भुलायचं नाही. २००९ मध्ये क्रेग बेनेट या मेंदू-संशोधकाने आणि मंडळींनी एक मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि चक्क विचारलं की या माणसाला काय वाटत असेल, तर माशाचा मेंदू ‘चमकला’. हजारो ठिपके एकदम तपासले की दोन-चार नुसत्या योगायोगाने पेटतातच, त्याची दुरुस्ती हिशोबात केली तेव्हा मासा परत मेला.

प्रश्न: बहिणीला डिप्रेशन आहे, गोळ्यांनी फरक नाही. डॉक्टर टीएमएस म्हणतायत. त्यासाठी आधी स्कॅन करून घ्यावा का?

उत्तर: गरज असतेच असं नाही. टीएमएस म्हणजे डोक्याला कॉइल लावून चुंबकाचे झटके देतात, टकटक टकटक, त्याने खालच्या पेशींत बारीक करंट तयार होतो. जागा शोधायची जुनी पद्धत ऐकून गंमत वाटेल, कॉइल सरकवत जायचं, कुठे अंगठा फडफडतो ते बघायचं आणि तिथून ५ सेंटिमीटर पुढे. डोकी काय सगळ्यांची एकाच मापाची असतात? म्हणून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टीमने आधी फंक्शनल स्कॅन घेतला, कपाळामागच्या डाव्या भागात नेमका कुठला तुकडा आत खोलवरच्या, उदासीशी जोडलेल्या भागाच्या उलट चालतो ते कॉम्प्युटरने काढलं आणि तिथेच कॉइल धरली, दिवसाला १० सेशन, ५ दिवस. अमेरिकेत त्याला २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

मात्र माझी एक शंका आहे. स्टॅनफर्डच्या त्या चाचणीत तुलना होती खोट्या, म्हणजे खरा झटका न देणाऱ्या कॉइलशी, स्कॅनचा नकाशा न वापरता तेवढेच झटके देण्याशी नव्हती. त्यामुळे गुण नकाशाचा किती आणि दणक्याचा किती, ते त्यातून कळत नाही. साधं टीएमएस २००८ पासून तिकडे मान्य आहे आणि बऱ्याच जणांना लागू पडतं, तेव्हा स्कॅनसाठी अडून राहू नका. डोक्यात धातूचं काही बसवलेलं असेल किंवा कधी फिट आली असेल तर तेवढं मात्र डॉक्टरांना आधीच सांगा.