टोळीची सुपारी आणि देवचाराची सुपारी

गोव्यातील वास्कोच्या एका वाचक भगिनी मराठीत कथा लिहीत आहेत. बंदराच्या शहरातील टोळ्यांचा रक्तपात आणि गावची राखण करणारा देवचार त्यांनी तिच्यात एकत्र आणले आहेत. त्यांनी विचारले आहे, की खुनाच्या सौद्यासाठी ‘सुपारी’ हा शब्द ठेवावा, की तो मुंबईच्या गुंडांचा म्हणून टाळून ‘हत्येचे कंत्राट’ लिहावे. आणि ‘भाईने देवचाराला सुपारी दिली’ हे वाक्य चालेल का?

‘सुपारी’च लिहावे. तिचा खुनाचा अर्थ मुंबईच्या टोळीयुद्धांच्या बातम्यांतून घराघरांत पोचला हे खरे. पण लग्न ठरले की आपण ‘सुपारी फुटली’ म्हणतो, आणि तमाशाचा फड आगाऊ रक्कम स्वीकारून खेळ ठरवतो तेव्हा तोही ‘सुपारी घेतो’. 1659 साली अफझलखानाने विजापूरच्या दरबारात विडा उचलल्याचे सांगतात, त्या विड्याच्या पोटातही सुपारी असतेच. कंत्राटाला कागद आणि सही लागते, सुपारीला दिलेला शब्द पुरतो; म्हणून ती मोडणाऱ्याचे काय होईल ही धास्ती त्या एका शब्दातच येते.

दुसरे वाक्य मात्र मला खटकते. देवचार म्हणजे भूत नव्हे. हातात दांडा आणि खांद्यावर कांबळे घेऊन रात्री सीमेवरून फिरणारा तो राखणदार आहे, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. त्याला रोट म्हणजे जाड भाकरी देतात, गाऱ्हाणे घालतात, म्हणजे आपले मागणे त्याच्यापुढे मांडतात. गाऱ्हाण्याच्या वेळी विड्याच्या पानावर न फोडलेली, अख्खी सुपारी असते, आणि ती मोबदला नसून मान असते. म्हणून गुंडाला सुपारी ‘देतात’, देवचारापुढे ती ‘ठेवतात’. वस्तू एकच असली तरी क्रियापद बदलताच संबंध बदलतो, आणि आपल्या कथेतील दोन जगे मला वाटते इथेच एकमेकांना भिडतात.

तेव्हा निवेदनात आणि गावकऱ्यांच्या तोंडी ‘देवचारापुढे सुपारी ठेवून गाऱ्हाणे घातले’ असे असावे. ‘देवचाराला सुपारी दिली’ हे वाक्य काढून टाकू नये. ते भाईच्या तोंडी द्यावे, कारण राखणदारालाही भाड्याने घेता येते असे मानणारा कथेत तो एकटाच आहे.