‘युरोपविरोधी’ नेमका कोण? ब्रेक्झिटच्या मराठीतले काही घोळ

प्रश्न असा आहे: एका मराठी लेखात ‘इंग्रज कामगारवर्ग राष्ट्रवादी आणि युरोपविरोधी असल्याने ब्रेक्झिट झालं’ असं वाक्य आलं आहे. ‘युरोस्केप्टिक’साठी ‘युरोपविरोधी’ चालेल का, की ‘युरोसंशयवादी’ म्हणावं?

दोन्ही नकोत. ‘युरोसाशंक’ म्हणा, आणि माणूस सरळ ‘युरोपीय युनियनमधून बाहेर पडा’ म्हणत असेल तर ‘ब्रेक्झिटवादी’. पण त्या वाक्यातला हा शब्द तरी त्यातल्या त्यात बरा आहे. खरा घोळ ‘इंग्रज’, ‘कामगारवर्ग’ आणि ‘राष्ट्रवादी’ या शब्दांनी घातलाय, म्हणून चारही घेतो.

आधी ‘युरोप’. आपल्या ‘युरोप टूर’ची सुरुवात बऱ्याचदा लंडनपासूनच होते. लंडनचा माणूस मात्र पॅरिसला निघाला की ‘युरोपात चाललो’ म्हणतो. त्याच्या बोलण्यात युरोप इंग्लिश खाडीच्या पलीकडे सुरू होतो, आणि राजकारणावर बोलताना ‘युरोप’ म्हणजे बहुतेक वेळा ब्रसेल्समधला, अर्थात युरोपीय युनियनचा, कारभार. ‘युरोपविरोधी’ म्हटलं की मराठी वाचकाला खंडाचा, तिथल्या लोकांचा राग असलेला माणूस दिसतो. युरोस्केप्टिकचा आक्षेप युरोपीय युनियनवर असतो, आणि तोही कमीजास्त. ससेक्स विद्यापीठातले पॉल टॅगर्ट आणि अलेक्स श्चेर्बियाक यांनी याचे दोन प्रकार पाडले आणि तेच अभ्यासकांत रूढ झाले. कडवा प्रकार म्हणजे युनियनच तत्त्वतः नको, सभासदत्व सोडा. सौम्य प्रकार म्हणजे राहायचं आहे, पण हे धोरण नको, तो करार नको. डेन्मार्कने २ जून १९९२च्या सार्वमतात युरोपीय युनियन स्थापणारा मास्ट्रिक्ट करार निसटत्या बहुमताने फेटाळला आणि पुढच्या वर्षी सवलती पदरात पाडून तोच करार मान्य केला. ग्रीसमध्ये ५ जुलै २०१५ला ६१ टक्के मतदारांनी कर्जाच्या अटींना ‘नाही’ म्हटलं, पण युरो सोडायला फारसं कुणी तयार नव्हतं. या मतदारांना ‘युरोपविरोधी’ म्हणणं चूकच. ‘युरोसाशंक’ त्यांना बसतो. ‘संशयवाद’ हा शब्द तत्त्वज्ञानवाल्यांनी आधीच घेऊन ठेवलाय. तिथे ज्ञानाच्या शक्यतेवरच शंका असते. ब्रसेल्सच्या मासेमारी कोट्यावर चिडलेल्या कोळ्याला त्या रांगेत बसवायचं कारण नाही.

युरोसाशंक म्हणजे उजवा, हे समीकरणही अलीकडचं. ब्रिटन १ जानेवारी १९७३ला युरोपीय आर्थिक समुदायात, म्हणजे युनियनच्या पूर्वरूपात, गेलं आणि ५ जून १९७५ला ‘राहायचं का’ यावर सार्वमत झालं. ६७ टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं. त्या प्रचारात मजूर पक्षाचे डावे नेते टोनी बेन विरोधात होते, आणि हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर सदस्य देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून ‘राहा’ म्हणत होत्या. डाव्यांना तो भांडवलदारांचा बाजार वाटत होता. १९८३च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने बाहेर पडण्याचंच आश्वासन दिलं होतं. काटा फिरला १९८८च्या सप्टेंबरात. युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक दलोर बोर्नमथला कामगार संघटनांच्या अधिवेशनात गेले आणि युरोप कामगारांच्या हक्कांचंही रक्षण करील असं सांगून आले. बारा दिवसांनी ब्रूजमध्ये थॅचरबाईंनी उलट तोफ डागली: राज्यसंस्थेचा पसारा आम्ही आमच्याकडे मागे सारला, तो ब्रसेल्समधून पुन्हा लादून घेण्यासाठी नव्हे. त्यानंतर दोन्ही पक्षांनी जणू जागा बदलल्या. म्हणून १९७५चा मजकूर भाषांतरित करताना ‘युरोपविरोधी उजवे’ असं हाताच्या सवयीने लिहू नये.

आता ‘कामगारवर्ग’. इथे भाषेपेक्षा मोजणीची भानगड मोठी आहे. ब्रिटिश जनमत चाचण्यांत वर्ग म्हणजे बहुधा ए, बी, सी१, सी२, डी, ई ही प्रतवारी. ती मुळात वर्तमानपत्रांच्या वाचक-पाहणीसाठी बेतलेली होती. ए आणि बी म्हणजे वरचे आणि मधले व्यवस्थापक, डॉक्टर, वकील वगैरे. सी१ म्हणजे कारकुनी आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांची कामं. सी२ म्हणजे कुशल कारागीर: प्लंबर, वायरमन, गवंडी. डी म्हणजे अर्धकुशल आणि अकुशल श्रम. ई मध्ये फक्त सरकारी पेन्शनवर जगणारे, रोजंदारीवाले आणि सरकारी भत्त्यावरचे बेरोजगार. प्रत ठरते ती घरात सगळ्यात जास्त कमावणाऱ्याच्या कामावरून. म्हणजे बातमीतल्या ‘वर्किंग क्लास’मध्ये, अर्थात सी२-डी-ई मध्ये, कामावर न जाणारी बरीच माणसं असतात, आणि स्वतःची व्हॅन घेऊन फिरणारा, सी१ कारकुनापेक्षा जास्त कमावणारा प्लंबरही असतो. ‘कामगारवर्ग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गिरणीचा भोंगा, युनियन आणि लाल बावटा येतो. त्या प्लंबरकडे यातलं काहीच नाही. मी ‘कष्टकरी वर्ग’ लिहितो. आकड्यांची बातमी असेल तर सरळ ‘सी२-डी-ई गट’ लिहून एका ओळीत त्याचा अर्थ देतो. अधिकृत सरकारी आकडेवारीत २००१पासून आठ वर्गांची निराळी पद्धत आहे, ती यात मिसळू नये.

शिवाय लोक स्वतःला काय म्हणवतात हा आणखी तिसरा मापदंड. ‘ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स’च्या २०१५च्या पाहणीत साधारण ६० टक्के लोकांनी स्वतःला ‘वर्किंग क्लास’ म्हटलं, आणि त्यात व्यवस्थापकीय आणि व्यावसायिक नोकऱ्यांतलेही पुष्कळ होते. बापाच्या कामावरून, बोलीवरून, शाळेवरून तिकडे वर्ग ठरतो, पगार नंतर. आपल्याकडे बरोबर उलटं: दोन गाड्या आणि मुलगा अमेरिकेत असलेलाही ‘आम्ही आपली मध्यमवर्गीय माणसं’ म्हणतो. त्यामुळे ‘मिडल क्लास’चं ‘मध्यमवर्ग’ हे भाषांतर शब्दाने बरोबर असलं तरी वजनात घसरतं. तिकडचा मिडल क्लास म्हणजे बहुतेक वेळा पदवीधर, व्यावसायिक, बऱ्यापैकी वरचा थर.

आता विभक्तीची गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. २३ जून २०१६च्या सार्वमतात ५१.९ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने, ४८.१ टक्के राहण्याच्या बाजूने. जनमत चाचण्या करवून घेणारे लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांच्या त्या दिवशीच्या चाचणीत सी२ आणि डी-ई या दोन्ही गटांत ६४ टक्के ‘बाहेर’, ए-बी गटात ५७ टक्के ‘राहा’. म्हणजे ए-बी मधलेही ४३ टक्के बाहेरच्या बाजूला होते. सी१ गट जवळजवळ निम्मानिम्मा फुटला. हे आकडे समोर असताना ‘कामगारवर्गाने ब्रेक्झिट घडवलं’ लिहिता येत नाही, ‘कष्टकरी वर्गात ब्रेक्झिटकडे कल जास्त होता’ एवढंच लिहिता येतं. ‘-ने’ लावला की तो वर्ग कर्ता होतो, आणि शहरांबाहेरच्या टुमदार गावांतला, हुजूर पक्षाला पिढ्यान्‌पिढ्या मत देणारा सुखवस्तू ब्रेक्झिटवादी चित्रातून गायब होतो. ‘-त’ लावला की प्रमाण सांगितलं जातं, श्रेय किंवा खापर वाटलं जात नाही. चाचण्यांच्या बातम्या लिहिणाऱ्यांनी हा एक नियम पाळला तरी पुष्कळ.

‘इलीट’साठी ‘उच्चभ्रू’ लिहितात, त्यातही अडचण आहे. ब्रेक्झिटवाद्यांच्या तोंडी ‘इलीट’ म्हणजे लंडनचे शिकलेसवरलेले, विद्यापीठवाले, वृत्तवाहिन्यांवाले. श्रीमंत असा त्याचा अर्थ असेलच असं नाही. ही शिवी देणारे ब्रेक्झिटवाद्यांचे म्होरके नायजेल फराज स्वतः डलिच कॉलेज या महागड्या खासगी शाळेत शिकलेले आणि धातूंच्या सट्टाबाजारातले दलाल. ‘अभिजन’ जास्त नेमका आहे, पण मराठीत त्याची जोडी ‘बहुजन’शी लागते आणि मागून जातीची चर्चा येते, जिचा तिकडे संबंध नाही. ‘शिष्टवर्ग’ मला बरा वाटतो; त्यात टोमणाही जमतो. हरल्यावर कुरकुरणाऱ्या ‘रिमेन’वाल्यांना, म्हणजे ‘राहा’ म्हणणाऱ्यांना, ‘रिमोनर’ म्हणत (‘मोन’ म्हणजे कुरकुर), त्याला मात्र ‘रडतराऊ’ तयारच आहे.

‘इंग्रज’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि जुनी मराठी त्याबाबतीत काटेकोर होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डॅनिश) हे टोपीकर वेगवेगळे मोजले आहेत. पुढे कंपनीचं राज्य आलं आणि इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ट्वीड नदीपलीकडून आलेलेही ‘इंग्रज’ झाले: एल्फिन्स्टन, माल्कम, ग्रँट डफ हे तिघेही स्कॉटिश. इतिहासात ते चालून गेलं. ब्रेक्झिटच्या चर्चेत ते चालत नाही, कारण तिथे इंग्लिश आणि ब्रिटिश यांतल्या फरकावरच मतं फिरली. पाहणीत पाच पायऱ्यांचा प्रश्न विचारतात: फक्त इंग्लिश, ब्रिटिशपेक्षा जास्त इंग्लिश, दोन्ही सारखंच, इंग्लिशपेक्षा जास्त ब्रिटिश, फक्त ब्रिटिश. ॲशक्रॉफ्टच्या चाचणीत ‘फक्त इंग्लिश’ म्हणवणाऱ्यांतले ७९ टक्के बाहेरच्या बाजूचे, तर ‘फक्त ब्रिटिश’ म्हणवणाऱ्यांतले ६० टक्के राहण्याच्या. दोघांना ‘इंग्रज’ म्हटलं की हा सगळा फरक पुसला जातो. इतिहासापुरता ‘इंग्रज’, आजच्या इंग्लंडपुरता ‘इंग्लिश’, सगळ्या राज्यासाठी ‘ब्रिटिश’, असं ठेवावं.

‘राष्ट्रवादी’ची गंमत याहून मोठी. स्कॉटिश नॅशनल पार्टी ही राष्ट्रवादीच, आणि ती युरोपीय युनियनच्या बाजूची. ‘युरोपात राहून स्वातंत्र्य’ हे त्यांचं १९८८पासूनचं धोरण. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी ‘राहा’ म्हटलं, जरी त्या पक्षाच्या मतदारांतला सुमारे एक तृतीयांश उलटा गेला. उत्तर आयर्लंडमधले राष्ट्रवादी, म्हणजे आयर्लंडशी एकीकरण मागणारे शिन फेन वगैरे, ‘राहा’ म्हणणारे. त्यांचे विरोधक ‘युनियनिस्ट’, त्यातला डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टी (डीयूपी) हा पक्ष ‘बाहेर पडा’ म्हणणारा. म्हणजे युनियनवाले युनियनच्या विरोधात, असं वाक्य तयार होतं! तिथली युनियन ब्रिटनशी, विरोध युरोपीय युनियनला, आणि दलोर ज्यांच्यापुढे बोलले त्या ट्रेड युनियन पुन्हा निराळ्या. महाराष्ट्रातल्या मथळ्यात नुसतं ‘राष्ट्रवादी’ छापलं की वाचक घड्याळ शोधणार, ते वेगळंच. पक्षाचं पूर्ण नाव द्या, आणि मूळ वाक्यासारखं विशेषण लावायचं असेल तर ‘इंग्लिश अस्मितेचा’ म्हणा. मूळ वाक्य मी असं करीन: ‘इंग्लंडमधल्या कष्टकरी घरांत आणि स्वतःला ब्रिटिशपेक्षा इंग्लिश मानणाऱ्यांत युरोपीय युनियन सोडण्याकडे कल जास्त होता.’ ‘असल्याने’ काढलंय ते मुद्दाम. कल दिसला म्हणून कारण सापडलं असं होत नाही.

‘फेडरल’ हाही फसवा आहे. आपल्याकडे ‘संघराज्य’ म्हणणारा राज्यांचे अधिकार मागत असतो; जर्मनीतही तसंच. ब्रिटिश चर्चेत ‘फेडरल युरोप’ म्हणजे सगळी सत्ता ब्रसेल्सला, इतका की मास्ट्रिक्टच्या मसुद्यातून तो शब्द तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान जॉन मेजर यांनी काढायला लावला. ‘संघवादी’ लिहाल तर मराठी वाचक नागपूरला पोचेल. ‘एकीकृत युरोपचे पुरस्कर्ते’ लांब आहे, पण अर्थ तोच.

जाता जाता ‘युरोपीय नागरिक’बद्दल, कारण इथे आपल्या माणसांचा थेट संबंध येतो. त्या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत होतं. म्हणजे पुण्याहून व्हिसावर गेलेला अभियंता मत देऊ शकत होता, आणि वीस वर्षं तिथे राहिलेली फ्रेंच शिक्षिका नाही. इंग्लंडमधल्या स्विंडन गावातले गोवेकर याच्या मधोमध अडकले. १९६१ला पोर्तुगीज राजवट संपण्यापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं. त्या पासपोर्टवर अनेकजण तिथे गेले. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे पोर्तुगीज झाल्यावर ते राष्ट्रकुलाचे उरले नाहीत आणि मतही गेलं. स्विंडनने ‘बाहेर’चा कौल दिला, आणि राहण्याचा हक्क टिकवायला त्यांना ३० जून २०२१पर्यंत युरोपीय नागरिकांसाठीच्या योजनेत अर्ज करावे लागले. ‘युरोपीय स्थलांतरित’ असा आकडा दिसला की तो पासपोर्टवरून मोजलाय की जन्मदेशावरून, ते आधी बघा: पहिल्यात हा गोवेकर पोर्तुगीज असतो, दुसऱ्यात भारतीय. भाषांतरात ‘युरोपीय युनियनचे नागरिक’ किंवा ‘युनियनमधल्या देशांत जन्मलेले’ यांपैकी जे असेल ते लिहा.