रिपोर्ट चांगला आहे, मग थकवा कसला?

“मॅडम, मी आळशी आहे का हो?”

पहिल्या भेटीत तिने हा प्रश्न आधी विचारला, मार्फान सिंड्रोम हे आजाराचं नाव नंतर सांगितलं. वय 34, सासर कळव्याला, नोकरी ऐरोलीत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) फाइलमधला ताजा इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, तिने माझ्यापुढे सरकवला. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी; तिचं मूळ 42 मिलिमीटर रुंद, दोन वर्षांत वाढ नाही. डॉक्टर खूश, घरचे खूश. आणि ही मात्र संध्याकाळी दारात चपला काढतानाच भिंतीला टेकून बसते.

सासूबाई म्हणतात, “रिपोर्ट तर चांगलाय ना गं?” त्यांचं बोलणं खोचक नसतं, त्यांना खरंच कळत नाही.

मार्फान सिंड्रोममध्ये फायब्रिलिन-1 या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असतो. शरीराला बांधून ठेवणाऱ्या ऊतीच कमकुवत असतात, म्हणून महाधमनी रुंदावते, डोळ्यातलं भिंग सरकतं, पाठीला बाक येतो, सांधे सैल राहतात. इको यातली एकच गोष्ट मोजतो. ती मोजायलाच हवी, कारण जीव तिथे अडकलेला असतो. पण दिवसभर सैल सांधे आणि दुखरी पाठ सावरण्यात किती ताकद जाते, ते मिलिमीटरमध्ये येत नाही. त्यात महाधमनीवरचा ताण कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळीनेही काहींना गळून गेल्यासारखं होतं.

नॉर्वेतल्या 84 प्रौढ रुग्णांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या जगण्याची गुणवत्ता इतरांपेक्षा कमी होती. पण महाधमनीचं ऑपरेशन झालंय की नाही, भिंग सरकलंय की नाही, याच्याशी तिचा फारसा संबंध दिसला नाही. हे तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मी नाटक करत नव्हते.” इतकी वर्षं हा संशय तिने स्वतःवरच घेतला होता.

मी तिला दोन आठवडे एक साधी वही ठेवायला सांगितली: काय केलं, त्यानंतर अंगात किती जोर उरला. वहीतून कळलं की कळव्याहून ठाणे, पूल चढून ट्रान्स-हार्बरची लोकल, उभ्याने ऐरोली, एवढ्यातच तिची दिवसाची निम्मी ताकद खर्ची पडते. सकाळी पाण्याच्या बादल्या उचलणं तर हृदयाच्या डॉक्टरांनी आधीच मना केलं होतं, पण घरात हे तिने कधी सांगितलंच नव्हतं. नव्या सुनेने असं कसं सांगायचं?

पुढच्या भेटीला नवरा आणि सासूबाई दोघंही आले. बादल्या नवऱ्याकडे गेल्या. ऑफिसात तिने डॉक्टरांचं पत्र दिलं आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळालं. गोळीचं डॉक्टरांशी बोलली, त्यांनी वेळ बदलून दिली. ही गोळी कुणीही आपल्या मनाने बंद करू नये. जड वजन आणि दम कोंडून जोर लावणं नको, पण चालणं हवं, म्हणून रविवारी सकाळी ती आणि नवरा ठाण्यात तलावपाळीला फेऱ्या मारतात.

छातीत जरा चमकलं की ती घाबरायची. ती भीती मी खोडून काढली नाही. छातीत किंवा पाठीत अचानक, फाडल्यासारखी कळ आली तर थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि दारातच “मार्फान आहे” म्हणून सांगायचं. हे कागदावर लिहून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलं आहे. काय करायचं ते ठरल्यावर रात्रीची झोप सुधारली.

थकवा गेलेला नाही. सासूबाई आता विचारतात, “आज कितपत जमेल?”

पुढच्या भेटीत मूल होऊ देण्याचा विषय घ्यायचा, असं तिनेच सांगितलंय. प्रत्येक गरोदरपणात आजार बाळाकडे जाण्याची शक्यता 50 टक्के असते, आणि त्याआधी महाधमनीची नीट तपासणी व्हायलाच हवी. जेनेटिक समुपदेशकांची वेळ आम्ही मिळून घेतली आहे.