तीव्र मध्यम आणि आवाजाची तीव्रता

विचारणा अशी होती: ‘मुलगी नववीत आहे. विज्ञानात शिकवतात की तीव्रता वाढली म्हणजे आवाज मोठा झाला. गाण्याच्या बाई सांगतात, यमन रागात म (मध्यम) तीव्र घे. तिने तो मोठ्याने म्हटला तर बाई म्हणाल्या, अगं, ओरडतेस काय? मग ‘तीव्र’चा खरा अर्थ कोणता?’

मुलीची काही चूक नाही. दोन्ही अर्थ खरेच आहेत, पण ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत.

पेटीवर सा २४० हर्ट्झला धरला, म्हणजे हवा सेकंदाला २४० वेळा दाबली-सैलावली जाते असं मानलं, तर शुद्ध मध्यम ३२० वर येतो, पंचम ३६० वर आणि या दोघांच्या मध्ये, साधारण ३३७ च्या आसपास, तीव्र मध्यम. म्हणजे गाण्यातलं ‘तीव्र’ म्हणजे कंपनं जास्त. गाणं लिहून ठेवायच्या भातखंडे लिपीत तीव्र म च्या डोक्यावर उभी रेघ असते आणि कोमल, म्हणजे उतरलेल्या, स्वराच्या पायाखाली आडवी. त्या रेघा पाहिल्या तरी कळतं की इथे वर-खालीचा मामला आहे, लहान-मोठ्याचा नाही. कोमल गंधार खच्चून ओरडून म्हटला तरी तो कोमलच राहतो.

विज्ञानातली तीव्रता मोजायची ती एका चौरस मीटरमधून सेकंदाला किती ऊर्जा जाते यावरून. कंपनांची संख्या तीच, पण हवेचा हेलकावा मोठा. ही तीव्रता दसपट झाली की डेसिबलच्या मोजणीत १० ची भर पडते. शंभरपट झाली तर २०. गणपतीच्या दिवसांत वर्तमानपत्रं ‘ध्वनीची तीव्रता इतकी डेसिबल’ असं छापतात ती हीच.

मला गंमत वाटते ती पुढे. हा घोळ एकट्या ‘तीव्र’चा नाही, आपल्या रोजच्या बोलण्यात तो पदोपदी आहे. ‘टीव्ही बारीक कर’ म्हणजे आवाज कमी कर. पण ‘तिचा आवाज बारीक आहे’ म्हणजे सूर वरचा आहे! एकच ‘बारीक’, एका ठिकाणी हेलकाव्याबद्दल बोलतो, दुसरीकडे कंपनांबद्दल. ‘हळू बोल’ म्हणजे सावकाश की आवाज न चढवता? ‘जोरात’चंही तेच, जोरात पळायचं आणि जोरात ओरडायचं. ‘हळू’ मुळात ‘लघु’वरून आलेला, ‘हलका’चा भाऊबंद. हलकं ते सावकाशही आणि लहान आवाजाचंही.

संस्कृतातही याहून निराळं नव्हतं. व्याकरणकार पाणिनीने ‘उच्चैरुदात्तः’ असं सूत्र केलं, उंचावर उच्चारलेला स्वर तो उदात्त. त्यावर पतंजलीने महाभाष्यात हरकत उपस्थित केली की उंच-नीच हे काही ठरलेलं माप नाही. एक जण पाठ म्हणत बसलाय. त्याला कुणी म्हणतं, एवढा का किंचाळतोस, ‘शनैः’ चालू दे. त्याच माणसाला, त्याच पाठाबद्दल दुसरा म्हणतो, दातातल्या दातात काय पुटपुटतोस, ‘उच्चैः’ म्हण. इथला ‘शनैः’ म्हणजे हुबेहूब आपला ‘हळू’. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही शिकवणीला बसलेल्या पोराची हीच पंचाईत होती.

शब्दांची ही सरमिसळ आपल्या आळसातून आली असं मात्र नाही, तिचं मूळ गळ्यात आहे. जोर लावून बोललं की फुप्फुसातून येणाऱ्या हवेचा दाब वाढतो, स्वरतंतू अधिक ताणले जातात आणि आवाज मोठा होतानाच त्याचा सूरही वर सरकतो. भांडणात ‘आवाज चढला’ म्हणतो तेव्हा दोन्ही चढलेले असतात. ‘वरच्या पट्टीत बोलू नकोस’ हे तर सरळ पेटीवरून आलेलं दिसतं. गळ्याची ही खोड मोडली तरच गाणं येतं. वरच्या, तार सप्तकात हळुवार आणि खालच्या खर्जात भरदार आवाज लावता आला पाहिजे. (‘खर्ज’ म्हणजे ‘षड्ज’च. ष चा ख करून म्हणायच्या सवयीतून तो घडला.) तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेव या संगीतशास्त्रकाराने मंद्राची, म्हणजे खालच्या सप्तकाची, जागा हृदयात, मध्याची कंठात आणि ताराची मस्तकात सांगितली आणि प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट असं म्हटलं. २४० चा तार सा ४८० वर येतो, तेव्हा ‘दुप्पट’ अगदी चपखल आहे. त्यात मोठ्याने म्हणण्याचा संबंध कुठेच नाही.

कानात ही दोन खाती ढोबळमानाने वेगळीच ठेवलेली असतात. आतल्या कानातला शंख उलगडला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब भरेल. त्याच्या तोंडाशी वरचे सूर उमटतात, टोकाशी खर्जाचे. कुठे हललं यावरून सूर कळतो आणि किती हललं यावरून मोठेपणा. शंखातल्या पडद्याचं हे हलणं गेओर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने प्रत्यक्ष पाहिलं आणि १९६१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. वयाबरोबर झिजतं ते आधी तोंडाशी, म्हणून वरचे सूर पहिल्यांदा जातात. स, श यांसारख्या वर्णांची ऊर्जा तिथेच असते. ‘आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत’ ही आजोबांची तक्रार शब्दशः खरी असते. आपण ओरडतो तेव्हा फुगतात ते स्वर, स आणि श त्या मानाने मागेच राहतात, आणि वर ‘ओरडू नकोस, बहिरा नाही मी’ हे ऐकावं लागतं.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. ‘तीव्रता म्हणजे आवाजाचा मोठेपणा’ हेही पुरतं बरोबर नाही. तीव्रता यंत्राने मोजायची, मोठेपणा कानाला जाणवायचा. १०० हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू यायला ३,००० हर्ट्झच्या सुरापेक्षा सुमारे ३० डेसिबल जास्त लागतात, म्हणजे ऊर्जा हजारपट. बाहेरच्या कानाची नळी ३,००० च्या आसपासचे सूर आपणहून फुगवते, हे त्याचं एक कारण. परीक्षेत मुलीने ‘मोठेपणा तीव्रतेवर अवलंबून असतो’ असं लिहावं. ‘मोठेपणा म्हणजेच तीव्रता’ असं लिहू नये.

‘जोरात’वरून तिच्या वयाची मुलं आणखी एक विचारतात: जोरात ओरडलं तर आवाज लवकर पोहोचतो का? नाही. २० अंश तापमानाला हवेत तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटरच जातो, मोठा असो, लहान असो, वरचा असो, खालचा असो. वरचे सूर जास्त वेगाने धावत असते तर लांबून येणाऱ्या पथकाचा ताशा आधी कानावर आला असता आणि ढोल मागाहून, आणि चौकाच्या टोकाला उभ्या असलेल्या कुणालाच ताल कळला नसता.

बाईंचं म्हणाल तर त्यांनी ‘म तीव्र घे’च्या जोडीला ‘म वर सरकव’ असंही म्हटलं तर पोरी ओरडणार नाहीत. ‘तीव्र’ मात्र राहू द्यावा. यमन शिकायचा तर तो शब्द कानी पडणारच.